संकट येण्यापूर्वींच्या कष्टांचें मोल

शिक्षकाच्या पेशांत मीं तीस वर्षांहून अधिक काळ काढला. स्नेहसंमेलनाच्या वेळीं द्यावयाच्या बक्षिसांची यादी करण्याचें काम दरवर्षीं बहुधा माझ्याकडेच येई. एके वर्षीं आमच्या एका विद्यार्थ्यानें विहिरींत पडलेल्या आपल्या सोबत्यास उडी टाकून वर काढलें. त्या मुलास पाहुण्यांच्या हस्तें पदक देण्यांत आलें, आणि तें अगदीं योग्यच होतें. त्यानंतर तीन-चार महिन्यांनीं आमच्या शाळेच्या वृद्ध शिपायानें, कोणीं सांगितलें नसतांना, फावल्या वेळांत दगड गोळा करून त्याच विहिरीला कमरेइतका कठडा बांधला. पुढें त्या विहिरींत कोणीहि पडलें नाहीं. शिपायाचें नांव मात्र बक्षिसांच्या यादींत कधींच आलें नाहीं. यादी मीच करीत होतों. तेव्हां हा दोष माझाच आहे हें आज मोकळेपणीं सांगतों. बुडणाऱ्यास वर काढलेलें सर्वांना दिसतें. जो बुडालाच नाहीं, तो कोणाला दिसावा?

आजच्या भाषणाचा विषय या साध्या गोष्टींतूनच निघाला आहे. अवर्षण, महापूर, वादळ आणि भूकंप हीं संकटें मनुष्यास नवीं नाहींत. संकट कोसळल्यावर धांवून जाणाऱ्यांचा गौरव करण्याची चालहि जुनी आहे. परंतु संकट येण्यापूर्वींच एकत्र येऊन त्याची धार बोथट करणारे जे लोक, त्यांचा सन्मान समाजानें केव्हां केला, कोणत्या रीतीनें केला, आणि त्या सन्मानानें त्यांचें काम टिकलें कीं नाहीं, हा इतिहासाचा भाग आपण फारसा उघडून पाहत नाहीं. तो आज श्रोत्यांपुढें थोडक्यांत ठेवावा असा विचार आहे.

या इतिहासाचें एक फार जुनें पान सौराष्ट्रांत, जुनागडजवळ गिरनारच्या वाटेवर, एका प्रचंड शिळेवर कोरलेलें आहे. त्या शिळेवर अशोकाच्या धर्माज्ञा आहेत. क्षत्रप रुद्रदामनाचा लेख आहे. आणि गुप्त सम्राट स्कंदगुप्ताच्या काळचाहि लेख आहे. यांपैकीं शेवटच्या दोन लेखांत एकाच वस्तूची कथा आहे. ती वस्तु म्हणजे सुदर्शन नांवाचा तलाव. चंद्रगुप्त मौर्याचा अधिकारी वैश्य पुष्यगुप्त यानें तो बांधविला आणि अशोकाच्या काळीं यवन तुषास्फ यानें त्याला पाट काढले. पुढें इसवी सन १५० च्या सुमारास भयंकर वादळी पाऊस झाला, सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादि नद्यांना पूर आले आणि तलावाचा बांध फुटला. भगदाड ४२० हात लांब, तितकेंच रुंद आणि ७५ हात खोल होतें, असें लेखांत मोजून दिलें आहे. हें काम होणें नाहीं म्हणून राजाच्या मंत्र्यांनीं हात टेकले, प्रजा हवालदिल झाली, आणि मग सुविशाख नांवाच्या पह्लव अधिकाऱ्यानें तें तडीस नेलें. यासाठीं प्रजेवर कर किंवा वेठ लादली नाहीं, राजानें आपल्या कोशांतून खर्च केला, हीहि गोष्ट मुद्दाम नोंदविलेली आहे. सुमारें तीनशें वर्षांनीं, इ. स. ४५५-५६ मध्यें, तोच बांध पुन्हां फुटला. तेव्हां सुभेदार पर्णदत्ताचा पुत्र चक्रपालित यानें तो पुन्हां उभा केला.

हा लेख म्हणजे त्या काळचें गौरवपत्रच होय. त्यांत दोन गोष्टी लक्षांत घेण्यासारख्या आहेत. पहिली ही कीं, शिळेवर नांवें आहेत तीं राजांचीं आणि अधिकाऱ्यांचीं. ज्यांनीं डोक्यावरून माती वाहिली त्यांच्यापैकीं एकाचेंहि नांव तेथें नाहीं. दुसरी गोष्ट अधिक विचार करावयास लावणारी आहे. आज तो तलाव कोठें आहे? तो केव्हांच नाहींसा झाला. शिळा मात्र जागच्या जागीं आहे. म्हणजे गौरव टिकला आणि ज्याचा गौरव केला तें काम टिकलें नाहीं.

दक्षिणेकडील लोकांनीं याहून निराळी रीति काढलेली दिसते. कर्नाटक आणि आंध्र या प्रांतांतील मध्ययुगीन कोरीव लेखांत 'दशबंध' नांवाच्या इनामाचा उल्लेख वारंवार येतो. जो कोणी तलाव बांधील किंवा मोडलेला तलाव दुरुस्त करील, त्याला त्या तलावाखालच्या जमिनीचा किंवा उत्पन्नाचा कांहीं हिस्सा तोडून द्यावयाचा, अशी ही पद्धति. यांतली खुबी अशी कीं, तलाव नीट राखणें ही त्या इनामाची अटच असे. तलावांत पाणी असेल तर इनामाच्या जमिनींत पीक. बांध फुटला तर पीकहि गेलें. एकदां गळ्यांत हार घालून मोकळें होण्यापेक्षां ही व्यवस्था शहाणपणाची होती.

आपल्याकडे धुळें आणि नाशिक या भागांत पांझरा, मोसम इत्यादि नद्यांवर जी फड पद्धति चालत आली, तिच्यांत तर बक्षीस हा शब्दहि नाहीं. शेतकरी मिळून नदीवर बंधारा घालीत, पाटाची डागडुजी स्वतः करीत, शिवाराचे फड पाडून प्रत्येक फडांत एकच पीक घेत. पाणी कोणाला केव्हां सोडावयाचें हें पंच ठरवीत आणि तें काम पाहणाऱ्या पाटकऱ्यास सर्वांच्या पिकांतून त्याचा वांटा मिळे. ज्या वर्षीं नदीला पाणी कमी, त्या वर्षीं एखादा फड पडीक ठेवून तूट सर्वांनीं सोसावयाची. टंचाई वांटून घेण्याची ही रीति म्हणजेच दुष्काळाशीं टिकाव धरण्याची रीति. तिचा मान सन्मान कोणीं केला नाहीं; पण तिनें पिढ्यान्‌ पिढ्या लोकांना पोसलें.

इंग्रजी अमलांत चित्र पालटलें. १८७६ ते १८७८ या काळांत दख्खनवर जो घोर दुष्काळ पडला, त्या वेळीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें, गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकारानें, गांवोगांवची माहिती गोळा करून ती सरकारपुढें मांडली. लोकांनीं स्वतः संकटाचें मोजमाप करण्याचें आपल्याकडील हें एक फार मोलाचें उदाहरण आहे. सरकारच्या बाजूनें १८८० सालीं दुष्काळ कमिशनचा अहवाल आला आणि पुढें त्यावरून दुष्काळी कामांचे नियम तयार झाले. गौरवाची बाब म्हणाल, तर १९०० सालीं व्हिक्टोरिया राणीच्या नांवें कैसर-इ-हिंद पदक निघालें. दुष्काळ, प्लेग यांसारख्या संकटांत लोकसेवा करणाऱ्या अनेक स्त्रीपुरुषांस तें मिळालें. पंडिता रमाबाईंनीं १८९६ पासूनच्या दुष्काळांत शेंकडों अनाथ मुलींना आश्रय दिला होता. त्यांना १९१९ सालीं हें पदक देण्यांत आलें. दक्षिण आफ्रिकेंतील सेवेबद्दल महात्मा गांधींनाहि तें मिळालें होतें, आणि १९२० सालीं त्यांनीं तें परत केलें. सन्मानाचें तेज शेवटीं देणाऱ्याच्या नैतिक अधिकारावर अवलंबून असतें, हा धडा त्या प्रसंगानें दिला. परंतु या पदकाची मूळची उणीव निराळीच होती. तें एका व्यक्तीला मिळे, आणि बहुतेक वेळां संकट येऊन गेल्यावर मिळे. ज्या गांवानें आधींच बांध घालून ठेवला, त्या गांवाच्या छातीवर पदक लावणार तरी कसें?

आतां जें सांगावयाचें तें मीं स्वतः पाहिलेलें आहे. माझा जन्म माणदेशांतला. १९७२ च्या दुष्काळांत मी बारा वर्षांचा होतों. त्या वर्षीं आमच्या गांवच्या विहिरी दिवाळीपूर्वींच तळाला गेल्या. गुरें मिळेल त्या किंमतीला विकलीं गेलीं. माझी आई सरकारी कामावर खडी फोडावयास जाई. शाळा सुटली कीं मी तिच्याकडे जाई, तो कांहींसा तिच्या ओढीनें आणि कांहींसा तेथें मिळणाऱ्या सुकडीच्या ओढीनें. परदेशांतून आलेल्या लाल मिलोची भाकरी आम्हीं त्या वर्षीं खाल्ली. तिची चव माझ्या पिढींतील कोणीहि विसरलेला नाहीं. १९७३ च्या उन्हाळ्यांत महाराष्ट्रांतील दुष्काळी कामांवर सुमारें पन्नास लाख माणसें राबत होतीं. त्या अनुभवांतूनच वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमी योजनेस बळ आलें; तिचा कायदा १९७७ सालीं मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला.

या कामांनीं लाखों जीव वांचले, हें मी कृतज्ञतेनें सांगतों. त्यांत माझाहि जीव आहे. पण माझ्या आईनें फोडलेली खडी आणि आमच्या माळावर घातलेले बांध आम्हांला कधीं आपले वाटले नाहींत. बांध सरकारचा आणि मजुरी आमची, असा हिशेब होता. पाऊस पडला, कामें संपलीं, आणि बांधाकडे पाहण्यास कोणी फिरकलें नाहीं. बक्षिसाचा प्रश्न जेथें सुरू होतो तो हा मुद्दा आहे. मजुरी पोट भरते. परंतु कामाची मालकी मजुरीनें येत नाहीं. ती कशानें येते?

याचें उत्तर त्याच दुष्काळानंतर कांहीं गांवांनीं शोधलें. पुरंदर तालुक्यांतील नायगांव येथें विलासराव साळुंखे यांनीं पाणी पंचायतीचा प्रयोग केला. तेथें पाणी जमिनीच्या मापानें न देतां घरांतील माणसांच्या मापानें दिलें जाई. माणशीं अर्धा एकर आणि एका कुटुंबास फार तर अडीच एकर भिजेल इतकें पाणी. भूमिहीनालाहि पाण्यांत वांटा, आणि ऊंस लावावयाचा नाहीं. राळेगणसिद्धि येथें १९७५ पासून अण्णा हजारे यांनीं गांवकऱ्यांकडून श्रमदानानें बांध घालून घेतले, झाडें लावलीं आणि कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पाळावयास लाविली. हिवरेबाजारनें पोपटराव पवार यांच्या पुढाकारानें १९९० नंतर तोच मार्ग धरला. तेथें शेतीसाठीं बोअर घेण्यास मनाई झाली, ऊंस व केळीं वर्ज्य झालीं, आणि दरवर्षीं पावसाचा हिशेब ग्रामसभेपुढें मांडून त्याप्रमाणें पिकें ठरविण्याची पद्धत पडली. हीं दोन्ही गांवें आजच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वींच्या अहमदनगर जिल्ह्यांतलीं आहेत. देशानें त्यांचा गौरव केला. अण्णांना १९८६ सालीं इंदिरा प्रियदर्शिनी वृक्षमित्र पुरस्कार, १९९० सालीं पद्मश्री आणि १९९२ सालीं पद्मभूषण मिळालें. पोपटरावांना २०२० सालीं पद्मश्री जाहीर झाली. या सन्मानांबद्दल प्रत्येक मराठी माणसास आनंदच वाटेल. तरी गिरनारच्या शिळेची आठवण येतेच. काम गांवाचें आणि नांव एकाचें, ही जुनी रीति येथेंहि पूर्णपणें सुटली नाहीं.

सबंध गांवालाच बक्षीस देण्याचा मोठा प्रयोग २०१६ सालीं झाला. आमिर खान आणि किरण राव यांनीं स्थापन केलेल्या पानी फाउंडेशननें 'सत्यमेव जयते वॉटर कप' नांवाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षीं वरूड, कोरेगांव आणि अंबाजोगाई हे तीनच तालुके होते आणि ११६ गांवांनीं भाग घेतला. सातारा जिल्ह्यांतील वेळू गांव पहिलें आलें. २०१७ सालीं तालुके तीस झाले आणि वर्धा जिल्ह्यांतील काकडदरा या आदिवासी गांवानें पहिला मान मिळविला. २०१८ सालीं ७५ तालुके झाले. त्या वर्षीं माण तालुक्यांतील टाकेवाडी पहिली आली. २०१९ सालीं बार्शी तालुक्यांतील सुर्डी गांवास पहिलें बक्षीस मिळालें, आणि तेथें ही स्पर्धा थांबली. प्रत्येक गांवांतून कांहीं स्त्रीपुरुषांना आधीं शिक्षण दिलें जाई. डोंगराच्या उतारावर समपातळीवर सलग चर कसे खणावयाचे, शेताची बांधबंदिस्ती कशी करावयाची, काम माथ्यापासून सुरू करून पायथ्याकडे कां यावयाचें, हें त्यांत शिकवीत. मग ८ एप्रिल ते २२ मे असे पंचेचाळीस दिवस गांवानें राबावयाचें आणि परीक्षकांनीं गुण द्यावयाचे.

२०१८ सालीं मी निवृत्त होऊन गांवीं परतलों होतों, आणि आमचेंहि गांव त्या स्पर्धेंत उतरलें होतें. श्रमदानाची हजेरी ठेवण्याचें काम, जन्मभराच्या संवयीस साजेसें, माझ्याकडे आलें. मीं जें पाहिलें तें विसरण्यासारखें नाहीं. वर्षानुवर्षें एकमेकांच्या दारांत न जाणारे दोन तट सकाळीं सहा वाजतां एकाच माळावर टिकाव चालवीत होते. बायकांची संख्या पुरुषांहून अधिक असे. माझ्या आईनें जेथें मजुरीनें माती टाकली होती, तेथेंच त्या सुनालेकी बिनमजुरीनें चर खणीत होत्या, आणि तो चर 'आमचा' म्हणत होत्या. मालकी कशानें येते, या माझ्या प्रश्नाचें उत्तर मला त्या माळावर मिळालें.

परंतु गोष्ट येथें संपत नाहीं. बक्षीस आमच्याच तालुक्यांतील टाकेवाडीला गेलें. निकालाच्या रात्रीं चावडीपुढें एक जण म्हणाला, "फुकट राबलों." त्याचें बोलणें मला फार लागलें, परंतु त्याला काय उत्तर द्यावें हें मला त्या वेळीं सुचलें नाहीं. पुढच्या उन्हाळ्यांत माळावर कोणी गेलें नाहीं. दोन-तीन पावसाळ्यांत चर निम्मे गाळानें भरले. गाळ अडला म्हणजे माती वाहून गेली नाहीं, हें खरें. परंतु गाळ उपसला नाहीं तर पुढच्या पावसाचें पाणी मुरण्यास जागा कोठून राहणार? एका ओढ्यावरचा बांध तर कडेनें फुटून गेला. सुदर्शन तलावाची कथा आमच्या शिवारांत लहान प्रमाणांत पुन्हां घडली.

येथें स्पर्धा या पद्धतीविषयीं थोडें बोललें पाहिजे. शाळेंत मीं जन्मभर स्पर्धा घेतल्या. पहिला नंबर एकाचाच येतो. बाकीच्या एकोणचाळीस मुलांनीं अभ्यास केला तो वायां गेला असें आपण म्हणत नाहीं. पण तीं मुलें मनांत तसें म्हणतात, हें मला ठाऊक आहे. शिवाय गुणांसाठीं काम केलें कीं ज्याला गुण अधिक त्याच कामाकडे ओढा होतो. खणलेल्या मातीचें माप घेणें सोपें. तें पाणी खरोखर जमिनींत मुरलें कीं नाहीं, हें समजण्यास दोन-तीन वर्षें लागतात. आमच्याकडेहि शेवटच्या आठवड्यांत माथ्याकडचें काम अपुरें टाकून, माप लवकर भरावें म्हणून, यंत्र खालच्या ओढ्यांत उतरविण्यांत आलें होतें. हा दोष स्पर्धा योजणाऱ्यांचा नव्हे. तो आमच्या उतावीळपणाचा. तथापि बक्षिसाच्या मुदतींत तो उतावीळपणा दडलेला असतो, हें विसरतां येत नाहीं.

मग दुसरी कांहीं रीति आहे काय? आहे. ओरिसाच्या, म्हणजे आजच्या ओडिशाच्या किनाऱ्यावर १९९९ च्या ऑक्टोबरांत जें महाचक्रीवादळ झालें, त्यांत सुमारें दहा हजार माणसें मेलीं. त्या आघातानंतर त्या राज्यानें किनाऱ्यावर निवाऱ्याच्या पक्क्या इमारती बांधल्या, गांवोगांव तरुणांचीं पथकें तयार केलीं आणि धोक्याची सूचना शेवटच्या झोंपडीपर्यंत पोंचविण्याची व्यवस्था लावली. २०१९ सालीं फनी वादळ आलें तेव्हां सुमारें बारा लाख लोकांना वेळींच हलविण्यांत आलें, आणि मृतांचा आंकडा शंभराच्या आंत राहिला. त्याच राज्यांतील वेंकटरायपूर आणि नोलियासाही या दोन किनारी गांवांना २०२० सालीं युनेस्कोनें 'सुनामीसाठीं सज्ज' अशी मान्यता दिली. हिंदी महासागराच्या प्रदेशांत असा मान मिळविणारीं हीं पहिलीं गांवें. हा मान कोणाला हरवून मिळत नाहीं. धोक्याचा नकाशा, बाहेर पडण्याच्या वाटांच्या खुणा, सूचना मिळण्याची खात्रीची सोय, वेळोवेळीं घेतलेल्या कवायती, अशा ठरीव अटी ज्या गांवानें पुऱ्या केल्या त्याला तो मिळतो. आणि एकदां मिळाला म्हणजे कायमचा झाला असेंहि नाहीं. ठराविक काळानें पुन्हां परीक्षा द्यावी लागते. दक्षिणेंतील जुन्या दशबंध इनामाचें शहाणपण येथें नव्या रूपांत दिसतें. २०२४ सालीं ओडिशांतील आणखी चोवीस गांवांना ही मान्यता मिळाली.

संयुक्त राष्ट्रसंघातर्फें देण्यांत आलेल्या सासाकावा पुरस्काराचें एक उदाहरण तर मनावर कोरून ठेवावें असें आहे. फिलिपाइन्समधील कामोतेस बेटावरील सान फ्रान्सिस्को या लहानशा गांवाला तो २०११ सालीं मिळाला. तेथील वस्ती 'पुरोक' नांवाच्या लहान लहान आळ्यांत वांटलेली असून प्रत्येक आळीचें स्वतःचें मंडळ असतें. घरटीं थोडी थोडी वर्गणी गोळा करून संकटाच्या वेळेसाठीं शिल्लक ठेवतात, आणि कोणत्या घरांत म्हातारें माणूस आहे, कोणत्या घरांत तान्हें मूल आहे, हें आळीला तोंडपाठ असतें. पुरस्कारानंतर दोन वर्षांनीं, २०१३ च्या नोव्हेंबरांत, हायान नांवाचें प्रलयंकारी वादळ त्या देशावर आलें आणि हजारों माणसें मेलीं. सान फ्रान्सिस्कोच्या हद्दींत तुलांग दियोत नांवाचें एक लहान बेट आहे. वादळ येण्याच्या आदल्या दिवशीं तेथील सुमारें एक हजार माणसांना मोठ्या बेटावर नेण्यांत आलें. वादळानें त्या लहान बेटावरील घरन्‌ घर पाडलें. माणूस मात्र एकहि गेला नाहीं. ज्याला आधीं मान मिळाला त्यानें तो मागाहून सार्थ करून दाखविल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल.

आपल्या केंद्र सरकारनेंहि नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या नांवें आपत्ति व्यवस्थापनाचा पुरस्कार सुरू केला असून २०१९ पासून तो नेताजींच्या जयंतीच्या सुमारास जाहीर होत आला आहे. संस्थेस एकावन्न लाख रुपये आणि व्यक्तीस पांच लाख रुपये, असें त्याचें स्वरूप. संस्थेनें ही रक्कम आपत्तिनिवारणाच्याच कामीं खर्च केली पाहिजे, ही त्यांतील अट फार चांगली आहे. आजवरच्या मानकऱ्यांत राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाची आठवी तुकडी, गुजरातची आपत्ति व्यवस्थापन संस्था, ओडिशाचें राज्य प्राधिकरण, मिझोराममधील लुंगलेई येथील अग्निशमन केंद्र, अशीं नांवें आहेत. हे सारे मानास पात्रच आहेत. तथापि या यादींत बहुतेक सरकारी खातीं व दलें आहेत. एखादी सबंध वाडी, एखादी आळी, एखादा कोळीवाडा तीत दिसत नाहीं. तीं नांवें येतील तेव्हां या पुरस्काराची शोभा वाढेल असें मला नम्रपणें वाटतें.

शहरांत राहणाऱ्या श्रोत्यांना वाटेल, हे चर आणि बांध आम्हांला काय होत? परंतु २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या दिवशीं शहर आणि खेडें असा भेद पाण्यानें केला नाहीं. आपल्या इमारतींत पावसाळ्यापूर्वीं गटाराची जाळी कोण साफ करून घेतो? तळमजल्यावरील एकट्या वृद्धेचा दूरध्वनि क्रमांक कोणापाशीं असतो? गणेशोत्सवांत आपण गाण्यांना आणि रांगोळ्यांना बक्षिसें देतों. त्यांत एक बक्षीस या माणसासाठीं ठेवण्यास किती खर्च येईल?

शेवटीं आमच्या गांवचें जें राहिलें तें सांगतों. चर बुजले असें मीं म्हटलें, तें सर्वस्वीं खरें नाहीं. पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या वरच्या अंगाला जो बांध आहे, त्याची निगा पांच-सहा बायकांनीं सोडली नाहीं. स्पर्धेपूर्वीं शिक्षण घेऊन आलेल्यांपैकीं दोघी त्यांत होत्या. दर वर्षीं मे महिन्यांत त्या गाळ उपसतात आणि ढांसळलेली कड दगडांनीं पुन्हां रचतात. गेलीं दोन वर्षें त्या एका विहिरीला वैशाखांतहि पाणी राहिलें. मला माझा जुना शिपाई आठवला. या खेपेस यादींत चूक होऊं द्यावयाची नाहीं असें ठरवून मीं त्यांना सांगितलें कीं, येत्या ग्रामसभेंत तुमचीं नांवें वाचून सत्कार करवितों. त्यांतली एक हंसून म्हणाली, "गुरुजी, नांवं वाचून काय करायचं? मे महिन्यात चार दिस सगळ्या गांवाला खोरं घेऊन यायला सांगा, म्हंजे झालं."

मीं नांवें वाचविलीं, आणि त्या बाईची मागणीहि ग्रामसभेपुढें मांडली. नांवांवर टाळ्या पुष्कळ पडल्या. चार दिवस येण्याचें मात्र तेवीस घरांनीं कबूल केलें, आणि त्यांतली सतरा घरें प्रत्यक्ष आलीं. "फुकट राबलों" म्हणणारा तो गृहस्थ त्या सतरांत होता. मीं हजेरीच्या वहींत त्याचें नांव लिहिलें, आणि खोरें घेऊन त्याच्या शेजारीं उभा राहिलों.